पहिला नंबर

"शेवंताकडं बायका टिकतात. मग माझ्याकडं का टिकत नाहीत, आक्का?"

नलिनीनं पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

मठाच्या पडवीत बकुळाक्का भंडाऱ्याच्या जेवणासाठी उडदाचे पापड लाटत होत्या. शाळेची पायरी न चढलेली ही बाई, पण तालुक्याचे वकील तिच्यापुढं मांडी घालून बसायचे.

"बस."

"बसायला सवड कुठाय? बावीस बायकांचा पापडाचा कारखाना माझा. आठ गेल्या, उद्या सहा जाणार. लग्नसराईची ऑर्डर डोक्यावर. कुलूप लावायची पाळी आलीय."

"जातात कुठं?"

"कुठं म्हणजे? तिच्याकडंच!"

ती म्हणजे शेवंता. परवापर्यंत नलिनीच्याच पोळपाटावर लाटणारी. आता भिंतीला भिंत लावून तिनं शेड टाकलेली. मजुरी तेवढीच, वर पंखा नाही. तरी पत्र्यापलीकडून दिवसभर हसू ऐकू यायचं, अन् इकडं नलिनी चडफडायची. मेल्यांना उकाड्यात हसू सुचतं कसं?

"मी काय कमी केलं, आक्का? एकसारख्या साड्या घेतल्या. रिसॉर्टला नेऊन रस्सीखेच खेळवली. शहरातून माणूस आणला. त्यानं हात धरून गोल उभं केलं, 'आम्ही सगळ्या एक' असं म्हणायला लावलं."

"म्हणाल्या?"

"म्हणाल्या की, जोरात! दुसऱ्याच दिवशी दोघी गेल्या."

आक्कांच्या ओठांचा कोपरा हलला.

"ती येते का हो इथं?"

"शेवंता? येते. दर शनिवारी."

इथंसुद्धा!

"काय विचारते?"

"काही नाही."

"मग करते काय?"

"लाटते."

नलिनीनं फणकाऱ्यानं पदर खोचला. "आणा तो पोळपाट. तिच्या हातात लाटणं दिलं कुणी? मी!"

आक्कांनी दोन ताटल्यांत सारख्या लाट्या ठेवल्या.

नलिनीचं लाटणं नुसतं भिरभिरलं. कागदासारखे पापड. बघता बघता ताटली रिकामी.

"झाले माझे."

आक्कांचा तिसरा चालला होता. वयानं हात सावकाश चालत होता. नलिनी वाट बघत राहिली... शेवंताला एवढं जमत नाही, एवढं एक वाक्य ऐकायला.

आक्का लाटतच राहिल्या. चौथा... पाचवा...

अंगण झाडणारी एक बाई आली. केरसुणी ठेवली, हात धुतले, आक्कांच्या ताटलीतल्या दोन लाट्या उचलल्या. लाटल्या, चादरीवर टाकल्या, निघून गेली. ना ती बोलली, ना आक्कांनी मान वर केली.

"तुम्ही सांगितलं होतं तिला?"

"नाही."

"मग तिनं तुमच्या लाट्या का उचलल्या?"

"तुझ्याकडं उचलत नाहीत?"

नलिनीनं लाटणं खाली ठेवलं.

"नलू?"

"उचलायच्या. जिचा हात चालतो ती एखाद्या म्हातारीच्या ताटलीतल्या उचलायची. मग मी नंबर काढायला लागले. महिन्यात सगळ्यांत जास्त लाटणारीचा फोटो भिंतीवर. तेव्हापासून जी ती आपली ताटली कुशीत घेऊन बसते."

"पहिली कोण यायची?"

"...शेवंता."

"मग? खूश असेल."

"एके दिवशी तिनंच फोटो उतरवला, माझ्या हातात दिला अन् गेली. मला वाटलं, माजली."

आक्कांच्या ताटलीत तीन लाट्या उघड्या पडल्या होत्या. नलिनी आपल्या मोकळ्या हातांकडं बघत होती. आवाजातला ताठा गेला होता.

"आता मी काय करू, आक्का?"

आक्कांनी सहावा पापड उचलून चादरीवर टाकला.

"विचारत काय बसलीस? लाट्या वाळायला लागल्या."