झब्दोन राजाने न प्यायलेलं पाणी

झब्दोन राजाला यिश्बाक धनगराची विहीर हवी होती आणि यिश्बाक ती सोडायला तयार नव्हता. एके दिवशी यिश्बाकच नाहीसा झाला. विहिरीच्या तोंडावर शिळा आली आणि राजाने दवंडी पिटवली, की यिश्बाक विहीर मला देऊन मिसर देशी निघून गेला. त्याची बायको तिर्झा तीन महिने मिसरच्या वाटेकडे डोळे लावून बसली.

मग हनमेल संदेष्टा भर दरबारात येऊन म्हणाला, "राजा, तू त्याला मारलंस."

राजा हसला. "आपल्या नियमशास्त्रात खुनाला दोन साक्षीदार लागतात. आण ते. नाहीतर आत्ता दगडांनी ठेचून मरशील."

शिपायांनी दगड उचललेसुद्धा. हनमेलने खांद्यावरची पखाल सोडली, पेला भरला आणि राजापुढे धरला.

"शिळा सरकवून आणलंय. तुझ्या नव्या विहिरीचं पाणी. पी."

राजाने हात झटकन मागे घेतला. त्याला उमासा आला. "दूर कर ते!" तो ओरडला.

हनमेलने तो पेला स्वतःच घटाघटा पिऊन टाकला.

"हे तुझ्याच दारातल्या हौदाचं पाणी आहे, राजा. विहिरीचा धनी मिसरला गेला असेल, तर तिच्या पाण्याची तुला एवढी शिसारी का? तुझा हात आणि तुझं तोंड. झाले दोन साक्षीदार."

शिपायांनी दगड खाली ठेवले.

त्या लोकांत आपलं माणूस मेलं की अंगावरचं वस्त्र फाडतात. मागे उभ्या असलेल्या तिर्झाने आपला अंगरखा गळ्यापासून खालपर्यंत फाडला.