खिंडीतली मिठाची चिमूट

फार पूर्वी वाराणसीत महिंद राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य क्षेमंकर होता. शेजारच्या डोंगरात कंदर नावाचे राज्य होते. तिथे तीन वर्षांत चार राजे झाले. तरी खिंडीतून काशीचे मीठ वर जाई, डोंगरी घोडे खाली येत, आणि वाट कधी लुटली गेली नाही.

लोक याचे श्रेय अमात्याला देत. ते ऐकून सेनापती कालहस्तीच्या अंगाचा तिळपापड होई. "भाले माझे, थंडीत कुडकुडतात ती माणसे माझी, आणि नाव या मीठवाल्याचे!" राजाच्या उजवीकडचे आसनही अमात्याचेच. ते पाहिले की सेनापतीला घास गोड लागत नसे.

डोंगरात एक रीत होती. दर शरदात खिंडीतल्या बाजारी डोंगरी मुखिया आणि काशीचा अमात्य एकाच पोत्यातले मीठ चाखीत. मग गादीवर कोणी का असेना, वर्षभर वाट डोंगरी लोक राखीत. मीठ नासवणाऱ्याला मात्र हिवाळाभर ओलीस राहावे लागे. 'भाल्यांपुढे चिमटीची काय मातब्बरी!' असे म्हणत कालहस्तीने त्या वर्षी अमात्याने न्यायच्या पोत्यात गुपचूप वाळू कालवली.

क्षेमंकराने चिमूट जिभेवर ठेवली. दातांखाली करकर झाली. त्याने वळून पाहिले, तर मागे पहाऱ्याला उभ्या सेनापतीचा चेहरा पांढराफटक! क्षेमंकराने ती चिमूट गिळली आणि मुखियाचा हात धरला.

"आजोबा, खाऊ नका. यात वाळू आहे."

"कोणी घातली?"

"पोते मी आणले, ओलीस मी राहतो. वाट मात्र मोडू नका."

म्हाताऱ्याने सेनापतीकडे एकदा पाहिले आणि मान डोलावली.

इकडे वाराणसीत कालहस्तीला राजाच्या उजवीकडचे ते आसन मिळाले. हिवाळ्यात कंदरचा आणखी एक राजा पडला, तरी वाट चालूच राहिली. भाला उचलावा लागला नाही. आता आसनावर बसून त्याला त्या ओलीस माणसाचाच हेवा वाटू लागला. 'मेला, बंदिवासातही माझ्यापेक्षा मोठाच!' मग एके दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

बर्फ वितळताच स्वतः निवडलेल्या मिठाचे पोते पाठीवर घेऊन तो खिंड चढला.

"वाळू मी घातली होती," तो मुखियाला म्हणाला.

"ठाऊक आहे, बाबा. पण हा तुमचा अमात्य म्हणाला, 'घालणारा आपल्या पायांनी येईल. तोवर मी थांबतो.'"

कालहस्तीला हुंदका आवरेना. "येता हिवाळा माझा," तो म्हणाला, आणि खरोखर राहिला.

कथा सांगून शास्ता बुद्ध भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा मुखिया म्हणजे आजचा माझा शिष्य सारिपुत्त, अमात्य मी. आणि सेनापती? दुसऱ्याच्या भिक्षापात्रात डोकावून जळणारा, समोर बसलेला हा भिक्खू." भिक्खूने मान खाली घातली. "दुसऱ्याने कालवलेली वाळू गिळूनही वाट मोडू न देणे, हीच क्षांती, हीच खरी सहनशीलता."