स्वतःच्या हिमतीवर लागलेलं दही

भांडीकुंडी बोलत आणि माणसं ते निमूट ऐकत, त्या काळची गोष्ट. थंडीच्या दिवसांत ठकूमावशीच्या मडक्यात दही असं घट्ट लागलं, की सुरीनं कापावं. पाहुण्यांनी वाहवा केली आणि दही चढेल झालं.

"मला कुणी हात दिला नाही," ते शेजारच्या पातेल्यातल्या दुधाला सुनावू लागलं. "सगळी माझी जिद्द! नाहीतर तू, जन्माचं पातळ."

खुंटीवरच्या पळीनं कपाळाला हात लावला. रोज विरजण घालणारी तीच.

"अरे दीडशहाण्या, कालच्या दह्याचा चमचा मीच तुझ्यात घातला. ती तुझी आई. तिच्याआधी तिची आई. सगळ्या दुधात विरघळून मुकाट राबल्या. शिवाय दूध कोमट, मडकं चुलीशेजारी, वर मावशीची घोंगडी!"

"सबबी नालायकांना लागतात," दही फिसकारलं.

दुसऱ्या दिवशी मावशीला बाजाराची घाई होती. चूल विझलेली. तिनं उरलंसुरलं दही गारढोण दुधात ढकललं आणि ना ऊब, ना घोंगडी, मडकं तसंच उघड्या पडवीत ठेवून ती निघून गेली.

संध्याकाळी तिनं पळी आत घातली. दूध होतं तसंच पातळ, वर दह्याच्या दोन गुठळ्या तरंगत होत्या.

पळीला वाटलं, आता तरी हे शरमेल.

तेवढ्यात एक गुठळी दुसरीला म्हणाली, "आपण काय करणार? या दुधातच दम नव्हता."