टिणकूचं गवत कुठं गेलं?

एक होता नाकतोडा. एवढुस्सा! नाव त्याचं टिणकू. एका जागी बसेल तर शपथ! इकडून टुणुक, तिकडून टुणुक.

रेवूच्या अंगणात गवत होतं. टिणकू तिथंच राहायचा. सकाळी गवत खायचा. दुपारी गवत खायचा. आणि संध्याकाळी? संध्याकाळीपण गवतच!

एक दिवस काय झालं, रेवूच्या बाबांनी गवत काढून टाकलं. सगळ्ळं! त्या जागी अंथरली प्लास्टिकची हिरवी चटई. दिसायला अगदी गवत. कडेनं खिळे ठोकले. ठक ठक ठक.

टिणकू आला. टुणुक टुणुक टुणुक. "अरे वा, खाऊ!" घेतला एक घास. कचकच... करकर... थू थू थू!

"शी! हे कसलं गवत? माझं गवत कुठं गेलं?"

पोटात झालं गुडगुड. मग टिणकू रडत बसला का? छे! बसतोय कुठला! निघाला. टुणुक टुणुक टुणुक.

चटईच्या कडेला हरळीचं मूळ होतं. हरळी म्हणजे आपल्या गणपतीबाप्पाच्या दूर्वा, त्याच. मूळ बिचारं वाळून पिवळं पडलं होतं.

"हरळीताई, हरळीताई, उगव ना!
मला खाऊ मिळेना.
पोट करतं गुडगुड, काय करू सांग ना?"

हरळी म्हणाली, "मी नाही उगवत, जा! माती कशी टणक झालीय. आधी मातीला सांग, मऊ हो."

टिणकू निघाला. टुणुक टुणुक टुणुक. चटईखाली डोकं घातलं. आत माती होती.

"मातीमावशी, मातीमावशी, मऊ हो ना!
हरळी उगवेना,
मला खाऊ मिळेना.
पोट करतं गुडगुड, काय करू सांग ना?"

माती म्हणाली, "मी नाही मऊ होत, जा! गांडूळ मला खणतच नाही. आधी गांडुळाला सांग, खण."

टिणकू निघाला. टुणुक टुणुक टुणुक. गांडूळ कुठं होतं? कुंडीखाली! गारव्याला लपलं होतं.

"गांडूळदादा, गांडूळदादा, खण ना!
माती मऊ होईना,
हरळी उगवेना,
मला खाऊ मिळेना.
पोट करतं गुडगुड, काय करू सांग ना?"

गांडूळ म्हणालं, "मी नाही खणत, जा! चटई उन्हात तापते. माझी पाठ भाजते. आधी चटईला सांग, ऊठ."

टिणकू निघाला. टुणुक टुणुक टुणुक. चटईवर उतरला. हाय हाय! पाय पोळले!

"चटईबाई, चटईबाई, ऊठ ना!
गांडूळ खणेना,
माती मऊ होईना,
हरळी उगवेना,
मला खाऊ मिळेना.
पोट करतं गुडगुड, काय करू सांग ना?"

चटई म्हणाली, "मी नाही उठत, जा! मला काय हौस आहे इथं पडून राहायची? खिळे ठोकलेत ना मला! आधी बाबांना सांग, खिळे काढा."

टिणकू निघाला. टुणुक टुणुक टुणुक. बाबा चहा पीत होते. भुर्रक भुर्रक. टिणकू बसला थेट कपाच्या कानावर.

"बाबा, बाबा, खिळे काढा ना!
चटई उठेना,
गांडूळ खणेना,
माती मऊ होईना,
हरळी उगवेना,
मला खाऊ मिळेना.
पोट करतं गुडगुड, काय करू सांगा ना?"

बाबा म्हणाले, "मी नाही काढत, जा! चिखल नाही, गवताची कापाकापी नाही, किती झ्याक दिसतंय! आणि आमच्या रेवूसाठीच घातलंय ते. आधी रेवूला सांग. ती म्हणाली, तर काढतो."

टिणकू दमला. टुणुक... टुणुक... तरी निघालाच.

रेवू पायरीवर बसली होती. गाल फुगवून! दिवाळी आली ना. सगळ्या मुलांचे किल्ले होत आले. रेवूकडे मावळे होते. हत्ती होता. तोफपण होती. पण किल्ला कशाचा करणार? माती तर चटईखाली!

"रेवूताई, रेवूताई, बाबांना सांग ना!
बाबा खिळे काढेनात,
चटई उठेना,
गांडूळ खणेना,
माती मऊ होईना,
हरळी उगवेना,
मला खाऊ मिळेना.
पोट करतं गुडगुड, काय करू सांग ना?"

आता रेवू काय म्हणाली असेल? "मी नाही सांगत, जा"? अंहं!

रेवू म्हणाली, "सांगते! आत्ताच्या आत्ता सांगते!" आणि तिनं पसरलं भोकाड.

"भ्यॅऽऽऽ! बाबा, मला माती हवी! मला किल्ला करायचाय!"

बाबांचा चहा सांडला. "अगं, बाजारातून तयार किल्ला आणू. चिखल नको नि काही नको."

"नक्को! मला चिखलच हवा! भ्यॅऽऽऽऽऽ!"

बाबांनी कानावर हात ठेवले. "बरं बाई, बरं! काढतो!"

मग काय झालं?
बाबांनी खिळे काढले. टक टक टक.
चटई उठली. सर्रर्रर्र!
बाबांनी झारीनं पाणी घातलं. झरझर झरझर.
गांडूळ खणायला लागलं. वळवळ वळवळ.
माती मऊ झाली. भुसभुस भुसभुस.

रेवूनं घमेलंभर माती घेतली. थाप थाप थाप, किल्ला झाला. वर अळीव पेरले, हिरवं रान उगवायला. रेवूच्या नाकाला चिखल, बाबांच्या चष्म्याला चिखल!

आणि हरळी?

"उगवलीस?" टिणकू विचारायचा. टुणुक.
"थांब रे!"
"आता उगवलीस?" टुणुक टुणुक.
"थांब म्हटलं ना!"
"आता तरी?" टुणुक टुणुक टुणुक.

किल्ल्यावर अळीव उगवले. रेवूनं टिणकूला एक पान दिलं. एकच हं! एवढ्याशा पानानं काय होणार? पोट गुडगुडतच होतं.

आणि एका सकाळी मातीतून डोकावलं काहीतरी. टुच्! कोवळं. हिरवं. खरंखुरं! इकडे टुच्, तिकडे टुच्. हरळी उगवली!

टिणकूनं डोळे मिटून घास घेतला. कुर्रुम! अहाहा! कुर्रुम कुर्रुम कुर्रुम!

बाबा आले. अनवाणीच. "वा, पायांना कसं गार वाटतं!" मग त्यांनी खाली पाहिलं. "अरेच्चा! हा माझं गवत खातोय!"

रेवू म्हणाली, "तुमचं नाही काही, बाबा. ते त्याचंच आहे."

बाबांनी डोकं खाजवलं. "हो की गं!" म्हणाले, आणि पाय जरा पलीकडे ठेवला.

टिणकूनं पुढचा घास घेतला. उडी नाही. टुणुक नाही. एका जागी बसून पोटभर जेवला तो.

टिणकूचं पोट भरलं टम्म. गोष्टीचं पोट भरलं टम्म. आता तुझं पोट दाखव बघू!