पाटीवरचं नाव

“तिन्हींतलं कुठलं मशीन ठेवू, बाई?”

सालोमीबाई आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. त्या फाटकाकडे बघत होत्या.

डॉक्टर मिहिर कोठावदे टेबलाशी उभाच राहिला. म्हातारीला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

“ऐकलं मी. तुला कुठलं आवडलं?”

“पहिलं.”

“मग मला कशाला विचारतोस?”

 तो टेबलावर हात टेकून उभा राहिला.

केळीच्या पट्ट्यातलं ते तालुक्याचं गाव. दवाखाना गावकऱ्यांच्या समितीने चालवलेला. सालोमीबाई आढाव तिथे एकेचाळीस वर्षं सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येऊन आपल्या टेबलाशी बसल्या, आणि त्यांना घरी जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मिहिर दहा वर्षांपूर्वी नवा पास होऊन आला, तेव्हा तान्ह्या मुलाची शीर कशी शोधायची ते बाईंनी त्याचा हात धरून शिकवलं होतं. मग तो पुण्याला गेला, मोठी पदवी घेऊन परत आला आणि दवाखान्याचा मुख्य झाला. बाईंना तो अजून मान द्यायचा. पण शिकण्यासारखं तिथलं संपलं, असं त्याला मनातून वाटायचं.

दवाखान्यात भांडणं व्हायची ती नंबरावरून. कोणी पहाटे येऊन चप्पल ठेवून जायचं, कोणी पिशवी. एकाने दुसऱ्याची चप्पल नालीत टाकली आणि गेल्या महिन्यात दाराची काच फुटली. समितीने डॉक्टरला सांगितलं होतं, नंबरची भानगड महिन्याच्या आत मिटव, नाहीतर आम्ही डॉक्टर बदलू. समितीचे अध्यक्ष काशिनाथ फेगडे, गावाचे आप्पा. त्यांनी हे हसत हसत सांगितलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

तेव्हा मिहिरने नाव नोंदवायची मशीनं मागवली. पेशंटने यायचं, काचेवर बोट लावायचं, नाव सांगायचं. चिठ्ठी मिळते, आणि आत हॉलमधल्या पाटीवर नंबर उजळतो. एका कंपनीने तीन तऱ्हेची मशीनं तीन दिवस वापरायला दिली होती. आज तिसरा दिवस. कंपनीचा माणूस संध्याकाळी पाचला येणार, एक ठेवणार, दोन घेऊन जाणार. जे राहील त्यावर मिहिरची नोकरी राहणार किंवा जाणार.

ही सगळी मशीनं फाटकाशी. बाईंचं टेबल मात्र अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, बदामाच्या झाडाखाली. फाटकापासून तीस पावलं. मिहिरने तीन दिवसांत तीनदा सांगून पाहिलं, बाई, टेबल मशीनजवळ घ्या, आजारी माणसाला एवढं चालवता कशाला. बाई तीनदा म्हणाल्या, असू दे लांब.

हट्टी आहे म्हातारी, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

“पहिलं का?” आता बाईंनी विचारलं.

मिहिरचा चेहरा खुलला. हे सांगायलाच तो आला होता. पहिल्या मशीनचा नंबर कोणाला म्हणजे कोणालाच बदलता येत नाही. आला तो नंबर, बसला तो बसला. आप्पांचा माणूस असो, आमदाराचा असो, मशीन ऐकत नाही.

“तुझंसुद्धा?”

“माझंसुद्धा.”

“आणि दुसरं?”

दुसऱ्यात डॉक्टरला आतून, मोबाइलवरून नंबर मागेपुढे करता येतो. बाहेर पत्ता लागत नाही. सोयीचं आहे तसं, मिहिर म्हणाला, पण नको.

“हं,” बाई म्हणाल्या. “काल दुसरंच चालू होतं ना?”

“हो.”

“एकोणिसावा नंबर आठव्याच्या आधी आत गेला. कोण होता तो?”

तो मिहिरच्या सासऱ्यांचा मित्र होता. गुडघा दुखत होता त्याचा, गेली सहा वर्षं.

“मला आठवत नाही, बाई.”

“मलाही माहीत नाही. म्हणून तर विचारते.”

मिहिरच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो म्हणाला, म्हणूनच तर पहिलं मशीन. माझ्या हातातच ठेवायचं नाही.

बाईंनी मान हलवली, पण त्या हलवण्यात हो होतं की नाही, ते त्याला कळलं नाही.

“तिसऱ्यात काय वाईट आहे?” त्यांनी विचारलं.

तिसरं आज चालू होतं. मिहिरने ते सकाळीच मनातून बाद केलं होतं. त्यातही नंबर बदलता येतो, पण बदलला की हॉलमधल्या पाटीवर घंटी वाजते आणि बदलणाऱ्याचं नाव येतं, मोठ्या अक्षरात. दिवसभर तिथेच राहतं.

“शंभर लोकांसमोर डॉक्टरचं नाव भिंतीवर कशाला हवं, बाई? उद्या प्रत्येक जण येऊन विचारेल, ह्याला का घेतलं, मला का नाही.”

“विचारेल.”

“मग?”

“मग काय... सांगायचं.”

मिहिर हसला. चांगलं हसू नव्हतं ते. तो वळून निघाला.

“थांब जरा,” बाई म्हणाल्या. “तो येतोय तो बघ.”

फाटकातून एक माणूस येत होता. रमजान तडवी, केळीचे घड ट्रकमध्ये भरणारा. उंच, काळासावळा, पन्नाशीचा. मशीनने त्याला चिठ्ठी दिली. हॉलकडे जायचं सोडून तो सवयीने बाईंकडे निघाला. आधी बाईंना सलाम, मग बाकीचं. त्या गावची जुनी पेशंटमंडळी तसंच करायची.

मिहिरने बघितलं. एक माणूस चालत येतोय. धड चालतोय. लंगडत नाही, कोणी धरलेला नाही.

“काय बघायचं?”

“चाल बघू नको. हात बघ.”

रमजानचा डावा हात अंगाशी होता. उजव्या हाताने त्याने डाव्याचं कोपर धरलं होतं, तान्हं मूल धरावं तसं. दहा पावलं आला. थांबला. झाडाकडे बघितल्यासारखं केलं. पुन्हा चालू लागला. कानामागून घाम उतरून कॉलर ओली झाली होती, आणि सकाळचे साडेनऊसुद्धा झाले नव्हते.

मिहिरने फाटकापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

तीस पावलं. रोज शंभर माणसं या म्हातारीकडे तीस पावलं चालत येतात... आणि ती एकेचाळीस वर्षं नुसती बघत बसलेली आहे.

“काही नाही बाई, गॅस झालाय,” रमजान जवळ येऊन म्हणाला. “रात्री भरीत जास्त झालं. बसतो मी, नंबर लांब आहे माझा. तेवीस.”

“बस,” बाई म्हणाल्या आणि त्याला आपल्याच खुर्चीत बसवलं. खुर्चीला चाकं होती. रमजानचं म्हणणं पुरं व्हायच्या आत ती फिरली होती.

“मागच्या दाराने घ्या, बाई,” मिहिर घाईने म्हणाला. “हॉलमधून नको. आप्पा बसलेत. त्यांचा नंबर आत्ताच लागेल. उगाच बोलणं होईल.”

बाई थांबल्या नाहीत. खुर्ची ढकलता ढकलता म्हणाल्या, “मी नेते याला. गोळ्या देते, ईसीजीची पट्टी काढायला लावते. तू हॉलमध्ये सांगून ये.”

आणि त्या खुर्ची घेऊन निघाल्या. पुढच्या दाराने.

मिहिरला पळत जावं लागलं. हॉलच्या दाराशी मशीनचा छोटा पडदा होता. त्याने तेवीस नंबरवर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं, नाव? त्याने बोट लावलं. एवढं करायला त्याला चार सेकंद लागले असतील. 

घंटी वाजली.

पाटीवरचा दहा नंबर खाली सरकला आणि वर आलं: तेवीस. पुढे घेतलं – डॉ. मिहिर कोठावदे.

हॉलमध्ये पेशंट आणि सोबत आलेले मिळून तीस-चाळीस माणसं होती. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, ज्यांना येत नव्हतं त्यांना शेजाऱ्याने वाचून दाखवलं. बाईंची खुर्ची मधून गेली आणि आतल्या दारात दिसेनाशी झाली.

आप्पा फेगडे उभे राहिले. त्यांच्या हातात चिठ्ठी होती. दहा.

“काय भो डॉक्टर,” ते म्हणाले, हसत हसत. “कोणालाच मधे घ्यायचं नाही म्हणून मशीन आणलं ना तुम्ही? तेवीसवाला कोण लागतो तुमचा?”

 सगळ्यांनी माना डॉक्टरकडे वळवल्या.

मिहिरच्या जिभेवर तीन वाक्यं आली. एका मिनिटाचं काम आहे, आप्पा. सिस्टरांनी घेतलं, मी नाही. मशीन अजून नवं आहे. तिन्ही वाक्यं चांगली होती, आणि तिन्हींनी काम भागलं असतं.

“मी घेतलं, आप्पा,” तो म्हणाला. “त्याला थांबायला वेळ नाही. तुम्हाला आहे. नाव माझं लिहिलंय वर, काय बोलायचं ते मला बोला. पण आत्ता नाही.”

आप्पांचं हसू तिथेच राहिलं, पण त्यांना त्याचं काय करावं ते कळेना. त्यांच्या बाजूची दोन माणसं पुढे सरकली.

तेव्हा मागून एक बाई बोलली. पातळाचा पदर डोक्यावरून घेतलेली, गालांची हाडं वर आलेली. सखूबाई भंगाळे. पहिल्या एसटीने आलेली, तीन दिवसांच्या तापाची. नंबर अकरा.

“जा रे बाबा तू आत,” ती डॉक्टरला म्हणाली. “माझा ताप काही पळून जात नाही. त्या माणसामागून अजून कोणी तसा आला, तर त्यालाही घे. मी बसते.” मग आप्पांकडे वळून, “तुम्ही पण बसा. उभ्याने नंबर लवकर लागत नाही.”

कोणीतरी हसलं. मग दुसरं कोणी. एका कोपऱ्यातून कोणी म्हणालं, माझाही सरकवा मागे, नुसतं औषध न्यायचंय. दुसऱ्याने आपली चिठ्ठी वर धरून दाखवली. ज्या हॉलमध्ये महिन्यापूर्वी चपलेवरून काच फुटली होती, तिथे लोक मागे सरकायला भांडू लागले.

आप्पा बसले. बसता बसता म्हणाले, मग पाटीवर माझंही लिहा, मी थांबलो म्हणून.

हे ऐकायला मिहिर तिथे नव्हता. तो आत गेला होता.

पट्टीवर जे दिसायचं तेच दिसलं. हृदयाची एक नळी बंद होत आली होती. बाईंनी गोळ्या दिल्या होत्या, सुई तयार होती, ॲम्ब्युलन्सला फोन झाला होता. मिहिरने हात चालवले. पाऊण तासात रमजान जिल्ह्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागला. जाताना विचारत होता, ट्रक कोण भरणार. बाई म्हणाल्या, गप्प पड.

त्यानंतर मिहिरने दिवसभरात एकशे चार पेशंट बघितले. आणखी दोनदा घंटी वाजली. एकदा दम लागलेलं पोर होतं, एकदा दिवस भरलेली बाई. दोन्ही वेळा पाटीवर त्याचंच नाव आलं, आणि दोन्ही वेळा कोणी भांडलं नाही. एका म्हाताऱ्याने मात्र मुद्दाम येऊन विचारलं, पोराला का घेतलं. मिहिरने सांगितलं. म्हातारा म्हणाला, बरं केलं, आणि परत जाऊन बसला.

साडेचारला जिल्ह्याहून फोन आला. नळी उघडली होती. रमजान शुद्धीवर होता, चहा मागत होता, आणि न दिल्याबद्दल तिथल्या सिस्टरशी वाद घालत होता.

मिहिर फोन ठेवून अंगणात आला. त्याला ओरडावंसं वाटत होतं. तो तीस पावलं चालत गेला, आणि चालताना त्याला जाणवलं की बाई त्याच्याकडेच बघतायत.

“काय दिसलं?” त्याने विचारलं.

“भूक लागलीय तुला.”

त्याने हसून तिथेच झाडाखाली बसकण मारली. बाईंनी डबा उघडून अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. सकाळी हॉलमध्ये अकरा नंबरवाल्या सखूबाई काय म्हणाल्या ते त्याने सांगितलं, मग फोनवर काय कळलं ते. बाईंनी डोळे मिटले, ओठ थोडे हलले, मग डोळे उघडले.

पाचला कंपनीचा माणूस आला. त्याला काही विचारावं लागलं नाही. पहिली दोन मशीनं मिहिरने आधीच खोक्यात भरून ठेवली होती.

तो माणूस तिसऱ्या मशीनपुढे बसला आणि कायमची माहिती भरू लागला. दवाखान्याचं नाव. वेळ. सुट्टीचा वार. मग म्हणाला, साहेब, नंबर पुढे घ्यायचा हक्क कोणाकोणाला द्यायचा? नावं सांगा. एकदा भरली की मग फक्त त्यांनाच.

“माझं,” मिहिर म्हणाला. “आणि माझ्या आधी सालोमीबाईंचं.”

बाई डब्याचं झाकण लावत होत्या.

“माझं नको,” त्या म्हणाल्या. “अकरा नंबरवालीचं घाल.”