सुरुंगवाला साबण्णा

घाटात आगगाडीचे बोगदे पडत होते, त्या काळातली ही गोष्ट. जरा जवळ सरकून बसा, कारण आमच्याकडे ही मोठ्याने सांगत नाहीत.

काळखडी नावाचं गाव होतं. गावाखाली सगळा काळा पाषाण. विहीर खणायला घेतलेला माणूस म्हातारा होऊन मरायचा, पण पाणी लागायचं नाही. अशा गावात साबण्णा वडार आणि त्याचा धाकटा भाऊ तिप्पा दगड फोडायला आले. आईबाप पटकीच्या साथीत गेलेले. साबण्णानेच तिप्पाला पाठीवर घेऊन गावोगाव वाढवलं होतं. तिप्पाला या जगात तेवढा एकच माणूस होता.

साबण्णा बोगद्यावर राबून आला होता. दगडाला भोक कसं पाडायचं, त्यात सुरुंगाची दारू किती ठासायची, वात केवढी ठेवायची, हे सगळं तो तिथे शिकला. तिप्पाला ते आवडायचं नाही.

"अण्णा, छिन्नीनं जेवढं फुटतं तेवढंच आपलं," तो म्हणायचा.

"अरे येड्या, छिन्नीनं फोडता फोडता बाप संपला. आपण बी संपायचं का?"

साबण्णाने पहिला बार लावला, तेव्हा डोंगराने कूस बदलली, असं म्हणतात. धूर निवळला आणि विहिरीच्या तळातून पाणी उसळलं. बायका रडल्या, हसल्या, एकमेकींवर पाणी उडवत राहिल्या. साबण्णाला लोकांनी खांद्यावर घेतलं. त्याची छाती फुगली, आणि तिथेच त्याचं चुकलं.

वात पेटवणं हा गावाने मान करून टाकला. लग्नात पहिला विडा कुणाचा, जत्रेत पहिला नारळ कुणाचा, तसा पहिला बार कुणाचा, यावर भांडणं होऊ लागली. साबण्णा हसून ज्याच्या त्याच्या हाती विस्तव द्यायचा. वात कशी लावायची, ते हौसेने दाखवायचा. दारूचा डबा पाटलाच्या देवघरात गेला. त्याला हळदकुंकू लागलं.

मग एक साल असं आलं, की आभाळ नुसतं बघत राहिलं. विहिरी आटल्या. वरच्या वाडीने ओढ्याला बांध घातला होता, त्यामागे हिरवंगार पाणी साठलेलं. काळखडीच्या बायका खाली कोरड्या ओढ्यात वाळू उकरून, झिरे पाडून वाटीवाटीने पाणी भरायच्या.

रंगराव पाटील तरुण होता, तापट होता. त्याने चावडीवर साबण्णाला बोलावलं.

"त्या बांधाखाली एक बार भर."

"पाटील, मी दगड फोडतो."

"मग बांध काय लोण्याचा हाय?"

"माणसांनी घातलाय त्यो."

"ऐका! वडाराला दगडाची दया यायला लागली!"

सगळी चावडी हसली. साबण्णा उठून आला. पालात आल्यावर तिप्पाने त्याचा हात धरला.

"अण्णा, डबा घेऊन ये. आत्ता जा."

"देवापुढचा डबा हिसकावून कसा आणू? लोकांनी मान दिलाय, तिप्पा. उद्या रीतीनं मागू."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली आणि एक पोरगी धापा टाकत पालाशी आली. "पाटील डबा घेऊन वर गेलं!"

दोघे भाऊ धावले. दरडीवर पोचून पाहतात, तर बांधाच्या पायथ्याशी निळसर धूर. वात पेटून आत गेली होती, आता ती कुणाच्या हाती येणार नव्हती. रंगराव लांब टेकाडावर उभा. त्याने बांधामागचं पाणी पाहिलं होतं, पण बांधाखालच्या ओढ्यात त्याच्याच गावच्या बायका वाकून बसल्या आहेत, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

साबण्णाने उडी टाकली. तिप्पाने त्याचा अंगरखा पकडला. तो फाटून हातात राहिला.

"नको अण्णा! बार व्हईल आता!"

साबण्णा ओढ्यातून ओरडत सुटला. बायकांनी कळशा टाकल्या, पोरं काखोटीला मारली, दरड चढल्या. सगळ्या वर आल्या तरी तो खालीच. वर बघून त्याने हाक दिली, "कोण राहिलं?"

बायका धापा टाकत पोरं मोजू लागल्या. त्याने पुन्हा विचारलं, "अगं, कोण राहिलं?"

तेव्हा एकीला आठवलं. धुरपा म्हातारी. तिला ऐकू येत नव्हतं. वळणापलीकडे ती अजून वाटीने पाणी भरत बसली होती.

साबण्णा वळणाकडे पळाला आणि बांध फुटला.

पाणी ताडाएवढं उंच आलं, असं म्हणतात. ते ओसरलं, तेव्हा धुरपा म्हातारी दरडीवरच्या बाभळीखाली बसलेली दिसली. तिचं लुगडं कोरडं होतं आणि हातातल्या वाटीतलं पाणीही सांडलं नव्हतं. तिला तिथे कुणी ठेवलं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. साबण्णा कुणाला सापडला नाही. तिप्पाने गाळ हाताने उपसला, नखं गेली तरी उपसला. त्याच्याजवळ फाटका अंगरखा तेवढा उरला.

ओढ्याला आलेलं पाणी दोन दिवसांत वाहून गेलं. वरची वाडीही तहानली आणि काळखडीही.

पुढल्या उन्हाळ्यात लोक बार लावून मागायला तिप्पाकडे आले. अर्धी विहीर पाषाणावर अडली होती. तिप्पाने दगड उचलून मारले त्यांना. "माझा भाऊ खाल्लात, आता पाणी मागता?" लोक गेले नाहीत. दगड खात उभे राहिले. त्यांच्यामागे एका पोराचे ओठ तडकून रक्त आलं होतं. तिप्पाने ते पाहिलं आणि हातातला दगड खाली टाकला. दारू चांगली की वाईट, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही आणि मरेपर्यंत कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "लावतो. पण कुणाचा मान नाही. आणि मी विचारल्याबिगर वात पेटणार नाही."

आज सुरुंग बटणावर उडतो. तरी काळखडीच्या शिवारात विहिरीचा बार असो, रस्त्याचा असो, बाहेरचा ठेकेदार असो, बटण दाबणारा आधी चारी दिशांना तोंड करून ओरडतो, "कोण राहिलं?"

गाव काम टाकून उभं राहतं. घराघरातून माणसं एकमेकांना शोधतात, पोरांना हाका मारतात, बहिऱ्यांना हात लावून उठवतात. सगळे सापडले की सगळं गाव एका आवाजात उत्तर देतं,

"साबण्णा राहिला!"

आणि मग बार होतो.