आवडती प्लेट

"...पण बाई, आता सिद्ध करायचं राहिलंय तरी काय?"

बाईंनी शेगडीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं, आत डोकावल्या आणि झाकण परत ठेवलं.

सत्यभामाबाई निवृत्त होऊन वाईला राहायला आल्या, तरी त्यांनी मान हलवल्याशिवाय त्यांच्या जुन्या प्रयोगशाळेतून एकही शोधनिबंध बाहेर पडत नसे. तिथे काम करणाऱ्या उन्मेषला हा निव्वळ उपचार वाटे. सोमवारी हैदराबादच्या परिषदेत त्याला निबंध वाचायचा होता. पेढे तर त्याने आधीच वाटले होते.

"अगदी सोपं आहे," तो ज्यांच्याकडे शिकला त्यांनाच शिकवू लागला. "हाडाच्या कॅन्सरच्या पेशीला आवरण असतं. त्या आवरणात एक प्रोटीन ठाण मांडून बसलेलं असतं. 'वाढ' हा बाहेरचा निरोप तेच आत पोचवतं. मी पेशींच्या दोन प्लेटी घेतल्या आणि एकीत औषध घालून त्याचं तोंड बंद केलं. निरोप थांबला, वाढ थांबली! बिनऔषधाची प्लेट मात्र पेशींनी गच्च भरली."

बाईंनी झाकण उचललं. डोकावल्या. ठेवलं.

"औषधाच्या प्लेटवर नीट लक्ष ठेवलंस?"

"डोळ्यांत तेल घालून! घटकाघटकाला इन्क्युबेटरच्या उबेतून काढायचो आणि मायक्रोस्कोपखाली धरून बसायचो. जेवताना ताटावरून उठून गेलोय, बाई."

"आणि बिनऔषधाची?"

"तिच्यात काय बघायचं? पडली होती आपली आत उबेला. शेवटच्या दिवशी काढली."



पुन्हा झाकण उघडलं.

सकाळच्या एसटीनं आलेल्या उन्मेषच्या पोटात कावळे कोकलत होते. भात काही शिजेना.

"काय मेले तांदूळ आहेत!" बाई वैतागल्या. "तांदळातच खोट दिसते. वाण्याला सांगून ही जातच बंद करायला लावते." आणि त्यांनी परत झाकण उचललं.

उन्मेषला राहवेना. "अहो बाई, तांदळावर कसलं खापर फोडताय? सारखं उघडून बघताय, सगळी ऊब निघून जातेय, तो बिचारा शिजणार कसा..."

आणि तो थांबला.

बाईंनी झाकण ठेवलं. "बोल की. थांबलास का?"

घटकाघटकाला उबेतून ओढून बाहेर काढलेली, गारठलेली ती प्लेट उन्मेषला दिसू लागली. त्याला मनापासून लाज वाटली.

"म्हणजे... वाढ औषधानं थांबली, की माझ्या बघण्यानं?"

"मला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या. "आवडतीचा छळ करून नावडतीला सुखात ठेवणारा राजा मी पहिल्यांदाच बघतेय."

"पण बाई, पेढे वाटून झालेत हो!"

"लोकांनी खाल्ले ना? मग झालं."

उन्मेषने फोन काढला आणि परिषदेच्या लोकांना कळवून टाकलं, की सोमवारी मी निबंध वाचणार नाही. एवढं एक वाक्य लिहिताना त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाईंनी पान वाढलं. भात अर्धाकच्चा होता. त्याने मुकाट्याने गिळला.

"आता दोन्ही प्लेटी बरोबरीनं बाहेर काढतो," तो म्हणाला. "दोघींकडे सारखंच बघतो."

बाईंनी मान हलवली.

तेवढ्यानं त्याच्या जिवात जीव आला. पण घास हातातच राहिला.

"बाई... आणि नुसत्या बघण्यानं बिनऔषधाच्या प्लेटचीही वाढ खुंटली तर?"

बाईंनी त्याला आणखी भात वाढला.

"तर त्या प्रोटीनचा नाद सोड, आणि दवाखान्यात जाऊन रोग्यांकडे नुसता बघत बस."